काय लावू, आजी?

पांडुरंगा,

माझं काम दुखणं थांबवायचं. कागदावर मी भूलतज्ज्ञ, वाडीवस्तीवरून आलेल्यांच्या तोंडी गुंगीची डॉक्टरीण. पण तुला ठाऊक आहे, आमच्या या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी बहुतेकांना झोपवतच नाही. पाठीच्या कण्यात बारीक सुई घालते, औषध सोडते, आणि पाच-दहा मिनिटांत बेंबीपासून खालचा देह त्या माणसाचा राहत नाही. पाय उचला म्हटलं की तो मन लावून प्रयत्न करतो आणि पाय जागचे हलत नाहीत. मग त्याच्या छातीपुढे हिरवा कपडा उभा बांधला जातो. हात दोन फळ्यांवर पसरून ठेवायचे, एकात सलाईन, दुसऱ्यावर रक्तदाबाचा पट्टा. चष्मा, कवळी, मंगळसूत्र, तुळशीची माळ, सगळं बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांकडे गेलेलं असतं. दिसायला फक्त छत आणि दिवा. माणूस सगळा आमच्या ताब्यात, कान तेवढे त्याचे त्याच्याकडे.

आज तुझ्यापुढे बसलेय ती त्या कानांसाठी काही मागायला.

हा जागेपणा तसा फार जुना नाही. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथर हुंगवून सगळ्यांसमक्ष शस्त्रक्रिया झाली, आणि त्यापुढची बरीच वर्षं मोठ्या शस्त्रक्रियेची भूल म्हणजे झोपच होती. १८९८ मध्ये जर्मनीतल्या कील इथं ऑगस्ट बिअर नावाच्या सर्जननं रुग्णाच्या कण्यात कोकेन सोडलं आणि तो जागा असताना त्याच्या पायाची शस्त्रक्रिया केली. मग स्वतःवर आणि आपल्या सहायकावर हाच प्रयोग करून पाहिला. सहायकाच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला, त्याला काही कळलं नाही. पुढे डोकेदुखीनं बिअर दिवसचे दिवस आडवा पडला होता, हे आम्हाला शिकवताना आमचे सर दर वर्षी हसायचे. पाय बधिर झाले, हे बिअरनं सिद्ध केलं. कमरेच्या वर जो माणूस उरला त्याचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्या प्रयोगात नव्हताच. तो माझ्याकडे आला आहे, आणि तो घेऊन मी तुझ्याकडे.

कारण देवा, आत काय ऐकू येतं ते तू ऐकतोसच. ट्रेमध्ये टाकलेला चिमटा वाजतो. सक्शनची नळी घरघरते. कॉटरी चालू झाली की बारीक पीप येते आणि पाठोपाठ जळका वास. सिस्टर मॉप मोजते, एक, दोन, तीन, आणि मध्येच थांबून म्हणते, एक कमी लागतोय. खाली पडलेला असतो, लगेच सापडतो, पण तेवढ्या वेळात कपड्याच्या अलीकडच्या माणसानं मनातल्या मनात स्वतःचं पोट पुन्हा उघडलेलं असतं. आमच्या गप्पा असतात. कुणाची बदली, कुणाच्या मुलीची नीटची परीक्षा, आज डब्यात काय. हाडांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी तर बोलायलाच नको. ड्रिल चालतं, हातोडा पडतो, दुखत काहीच नाही, पण प्रत्येक घावाला देह टेबलावर हलतो आणि शेजाऱ्यानं भिंतीत खुंटी ठोकावी तसा आवाज आपल्याच मांडीतून येतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात बजावून ठेवलं आहे की विनाकारण केलेला आवाज ही आजाऱ्याशी केलेली निर्दयता आहे, आणि त्याच्या खोलीतली कुजबुज तर त्याहून वाईट. का, ते आमच्या टेबलावर पडलेल्या कुणालाही विचार. मोठ्यानं बोललेलं समजतं तरी. सर्जन वाकून हलक्या आवाजात काही बोलले की पडलेल्याची नाडी लगेच माझ्या यंत्रावर पळायला लागते. त्याच पुस्तकात तिनं संगीताविषयीही लिहिलं आहे. माणसाचा गळा आणि सलग सूर धरणारी वाद्यं आजाऱ्याला बरी, पियानोसारखी तुटक नकोत, असं तिचं मत होतं. तिनं तानपुरा ऐकला असता तर काय लिहिलं असतं, असं मला उगाच वाटून जातं.

म्हणून सुई घालून, रुग्णाला सरळ निजवून, नाकाला ऑक्सिजन लावून झाला की मी वाकून विचारते, ‘‘काय लावू, आजी?’’

पुष्कळदा उत्तर येत नाही. आजी म्हणतात, ‘‘काय लावायचं ते लावा बाई, मी कुठं बघतेय.’’ त्यांना वाटतं आणखी एखादी नळी. गाणं, म्हणून समजावलं की आधी ओशाळतात. मग हळूच एखादं नाव येतं. पुष्कळांना तू हवा असतोस, भीमसेन जोशींच्या आवाजातला. ते समजण्यासारखं आहे. पण तुझी दर वर्षी वारी करणारे, कपाळाला बुक्का लावूनच दाखल झालेले एक आजोबा प्रोस्टेटसाठी टेबलावर होते. त्यांनी इकडेतिकडे बघून सुलोचना चव्हाणांची लावणी मागितली. वर म्हणाले, ‘‘पोराला सांगू नका.’’ मी लावली. तुला चालली असणार. चंद्रभागेच्या वाळवंटात उभा राहून तू काय काय ऐकलं असशील! एका बाईंनी नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गाणं, मागितली, ती लावल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवत राहिल्या. सिझेरियनला आलेल्या पोरींना सिनेमातली गाणी हवी असतात, तीही नवी, ज्यांची नावं मला माहीत नसतात. एकीनं स्वतःच्या हळदीला वाजलेला डीजेचा तुकडा मागितला होता.

गाणं लागतं माझ्याच मोबाइलवर. स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशीपाशी ठेवलेला असतो. तक्रार करायची तर एकच: इंटरनेटवरून लावलं की ऐन अभंगात, तुझं नाव घेता घेता, घरकर्जाची जाहिरात घुसते. टेबलावरचा शेतकरी आधीच सोसायटीच्या कर्जानं गांजलेला असतो रे. आता मी गाणी उतरवून ठेवते आणि फोन विमानात बसल्यासारखा करून टाकते. तेवढ्यात कुणाचा फोन येत असेल तर येवो.

ही युक्ती माझी नाही, हे तुझ्यापुढे सांगायलाच हवं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात केन नावाच्या गावी इव्हन केन नावाचाच सर्जन होता. त्यानं आपल्या शस्त्रक्रियेच्या खोलीत फोनोग्राफ आणून ठेवला आणि १९१४ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकाला तसं कळवलं. भीतीनं थरथरणाऱ्या रुग्णाचं लक्ष त्या तबकडीकडे जातं आणि भूल द्यायला सोपं पडतं, असा त्याचा अनुभव. माणूस विक्षिप्त होता. सात वर्षांनी त्यानं तेवढ्या भागापुरती भूल घेऊन स्वतःचं ॲपेंडिक्स स्वतः काढलं. टेबलावर निजल्यावर काय ऐकू येतं, हे त्याला आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा नीट कळलं असणार.

त्यानंतर १९६० च्या आसपास बोस्टनकडचा गार्डनर नावाचा दंतवैद्य आणि लिकलायडर नावाचा मानसशास्त्रज्ञ यांनी आणखी पुढची गोष्ट केली. दाताच्या खुर्चीत बसलेल्याच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यात संगीत, आणि शिवाय धबधब्यासारखा एक अखंड घोष. दोन्हींची बटणं रुग्णाच्या हातात. ड्रिल टोचायला लागलं की त्यानं घोष वाढवायचा. एक हजार रुग्ण असे घेतले की ज्यांना एरवी गॅस किंवा सुई लागायचीच. त्यांतल्या शंभरातल्या पासष्टांना या आवाजानं पुरता गुण आला, असं त्यांनी प्रसिद्ध केलं. हाच लिकलायडर पुढे संगणकांच्या जाळ्याचा एक आद्य प्रवर्तक ठरला. माझ्या अभंगात घुसणाऱ्या जाहिरातीचं मूळही शेवटी त्याच्याच दारात जातं म्हणायचं.

पण पासष्टांचा हा आकडा तसाच टिकला नाही. कॅनडाचा मेल्झॅक हा दुखण्याचा अभ्यास करणारा माणूस. १९६३ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांचे हात बर्फगार पाण्यात बुडवून घेतले. काहींना नुसता तो आवाज दिला. काहींना नुसता शब्द दिला, की यानं तुमचं दुखणं कमी होईल. काहींना दोन्ही. नुसता आवाज उपयोगी पडला नाही. नुसता शब्दही नाही. दोन्ही मिळाले ती माणसं हात जास्त वेळ पाण्यात ठेवू शकली. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, याच मेल्झॅकनं पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर मांडलं की दुखण्याची वर्दी मेंदूकडे जाताना कण्यात जणू एक दार लागतं, आणि ते किती उघडायचं याचा हुकूम मेंदूही वरून देत असतो. भीती असली की दार सताड, मन दुसरीकडे लागलं की ते ओढून घेतलं जातं. त्या सिद्धान्तातलं बरंच पुढे बदललं, पण वरून हुकूम येतो एवढं टिकलं. मी सुई घालते ती त्याच कण्यात. माझं औषध त्या दाराशी येणारी वाटच बंद करतं. हुकूम देणारा वर जागा असतो, आणि त्याच्याशी बोलायला माझ्याकडे औषध थोडं नि माणूसपण जास्त लागतं.

तर देवा, पहिलं मागणं हे. गाणं लावून मला बाजूला सरकू देऊ नकोस. एकदा अभंग चालू झाला की आपली सुटका झाली असं वाटतं, कागद भरायला बसता येतं, फोन तर तिकडे अडकलेला असतो म्हणून बरं. माझं स्टूल त्यांच्या डोक्यापाशीच राहू दे. आता ओढल्यासारखं वाटेल, आता पोटावर दाब येईल, बाळ निघतंय, घाबरू नका, हे माझ्या तोंडून वेळेवर येऊ दे. सूर आणि शब्द दोन्ही पोचू देत.

आता आकड्यांचं. तुझ्यापुढे आकडे काढू नयेत, पण माझा विश्वास थोडा तिथूनही येतो. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी शस्त्रक्रिया आणि संगीत यांवरच्या ७३ चाचण्या एकत्र तपासल्या, जवळजवळ ७००० रुग्णांच्या. ज्यांना संगीत ऐकवलं होतं त्यांना नंतर दुखलं कमी, धास्ती कमी, वेदनाशामक औषधं कमी लागली, समाधान जास्त. दवाखान्यातले दिवस मात्र कमी झाले नाहीत. पूर्ण भुलीत झोपलेल्यांनाही थोडा गुण आलेला दिसला, जाग्यांना जास्त. आणि त्यातच एक वाक्य असं की ज्यानं मला खट्टू केलं: गाणं रुग्णानं निवडलं की दुसऱ्या कुणी, यानं फारसा फरक पडलेला दिसत नाही.

मी ते पुन्हा वाचलं. खरं असेल. अशा मोठ्या तपासणीशी माझ्या एका टेबलानं भांडू नये. रागांच्या नावानं दुकान मांडणाऱ्यांना या वाक्यानं चपराक बसते, हेही बरंच आहे. रक्तदाबाला अमुक राग, साखरेला तमुक, असे तक्ते फोनवर फिरत असतात. ज्यांना मारवा आणि पूरिया यांतला फरक सांगता येणार नाही ते मला तो तक्ता पाठवतात. पण पांडुरंगा, तरीही मी विचारणारच. संमतीच्या कागदावर आजीनं अंगठा दिला तेव्हा तिला कुणी विचारलं होतं? दिवस सर्जनच्या सोयीनं ठरला, दवाखाना रुग्णवाहिकेच्या, सुई माझ्या. गाऊन मागून उघडा, तोही तिनं निवडलेला नाही. सकाळपासून तिला विचारलेली आणि जिचं उत्तर फक्त तिच्यापाशी आहे अशी गोष्ट एवढीच. दुखणं त्यानं तसूभरही कमी होत नसेल तरी विचारण्याची सवय माझी मोडू नकोस.

दुसरं मागणं माझ्या स्वतःच्या कानांसाठी आहे, आणि इथे मला तुझ्याशीही थोडं कठोर बोलावं लागेल.

माझं गाणं वेगळं आहे. रुग्णाच्या बोटाला चिमटा लावतो ना, १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ज्याची युक्ती शोधून काढली, तो दर ठोक्याला एक टिंब वाजवतो. रक्तात ऑक्सिजन नीट असेल तर टिंब वरच्या पट्टीत. ऑक्सिजन उतरला की सूर उतरतो. पडद्याकडे पाठ करून औषध भरत असतानाही भूलतज्ज्ञाला कळतं, काहीतरी खाली चाललंय. अर्धा सूर जरी खाली आला तरी आमची मान वळते. अभंग कितीही गोड असो, त्यानं हे टिंब झाकलं तर तो अभंग तुझा नव्हे. आणि लोकांनी माझ्या टेबलावरून तुझ्या वाटेनं लवकर निघावं अशी तुझीही इच्छा नसावी. म्हणून आवाज बेताचा. म्हणूनच मी हेडफोन देत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत हात-पाय बधिर करण्याच्या सुईआधी १५७ जणांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना मिडाझोलामची गुंगी, निम्म्यांना कान झाकणाऱ्या हेडफोनमधून संगीत. धास्ती दोघांचीही जवळजवळ सारखीच उतरली, आणि हे गुंगीच्या औषधाच्या धोक्यांशिवाय, म्हणजे मोठीच गोष्ट. पण हेडफोनवाल्यांशी बोलणं डॉक्टरांना जड गेलं आणि डॉक्टरांचं ऐकणं त्यांना. मला तिच्याशी बोलायचंय, तिनं मला ‘मळमळतंय’ म्हणायला हवंय. तेवढी फट राहू दे.

रक्त जास्त जायला लागलं, रक्तदाब कोसळला, तर पहिला आवाज माझाच निघतो: गाणं बंद. ती वेळ आणू नकोस. आणलीस तर माझा आवाज चिरका होऊ देऊ नकोस, कारण तोही ती ऐकत असते.

आणि आमच्या सर्जनना थोडी समज दे. माणूस हाताचा हलका, मनाचा चांगला. पण त्यांना किशोरकुमारशिवाय टाका घालता येत नाही असा त्यांचा समज आहे. टेबलावर कोण आहे याचा त्यांच्या किशोरकुमारशी संबंध नसतो. मी गाणं बदललं की म्हणतात, ‘‘मॅडम, ऑपरेशन मी करतोय.’’ मी म्हणते, ‘‘सर, होतंय त्यांचं.’’ हे भांडण आमचं फार जुनं आहे, मिटवलं नाहीस तरी चालेल. मात्र शेवटचा शब्द पडलेल्याचा राहू दे.

जनाबाईच्या जात्याला तू हात लावलास म्हणतात. दळण एकटीनं ओढवत नाही, म्हणून आलास. मला त्या गोष्टीतलं पीठ कमी आणि ओवी जास्त महत्त्वाची वाटते, कारण जातं ओढणाऱ्या बायकांना ठाऊक होतं की खांदा भरून येतो तो गळा चालू असला की उशिरा कळतो. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. एवढ्या सगळ्या ओव्या काय नुसत्या करमणुकीला झाल्या? पहाटेच्या अंधारात, अर्धपोटी, दुखत्या अंगानं रचलेल्या आहेत त्या. भूलशास्त्राच्या पुस्तकात त्यांना जागा नाही. माझ्या पुस्तकात आहे.

मांडीचं हाड मोडून आलेल्या एक आजी होत्या, मोतिबिंदूनं दृष्टी गेलेल्या. काय लावू विचारलं तर म्हणाल्या, ‘‘तुझं ते यंत्र राहू दे. मीच म्हणते.’’ आणि म्हणायला लागल्या. माहेर आलं, भाऊ आला, भावजय आली, तिचे टोमणे आले, मग तुझी पंढरीची वाट आली. हातोडा चालूच होता, तो थांबवता येत नाही. घाव पडला की अर्धा शब्द गिळायच्या आणि पुढच्या श्वासाला तिथूनच उचलायच्या. थिएटरमधल्या मावशी, ज्या आमचं कुणाचं ऐकत नाहीत, त्या दारात उभ्या राहून दुसरी ओळ धरायला लागल्या. रक्तदाब होता तेवढाच राहिला. चमत्कार सांगत नाही मी. पण गळा चालतोय, श्वास येतोय, माणूस शुद्धीत आहे, हे मला त्या दिवशी कुठल्याही पडद्याकडे न बघता कळत होतं. अशा आजी मला आणखी पाठव. आताच्या सुनांना ओव्या येत नाहीत, त्यांना जे येतं ते म्हणू दे.

तान्ह्यांसाठी फार मागत नाही, त्यांचं तू बघतोसच. कमी दिवसांच्या बाळांच्या टाचेतून रक्त घ्यावं लागतं, नाकातून नळी घालावी लागते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ११ नवजात कक्षांमधल्या २७२ बाळांवर पाहिलं गेलं, की आईबापांनी निवडलेलं गाणं अंगाईसारखं हळू म्हटलं की बाळाची नाडी आणि दूध ओढणं यांत चांगला फरक दिसतो, आणि आईबापांचा घोरही कमी होतो. आमच्या कक्षातल्या आया काचेपाशी तोंडाला पदर लावून उभ्या असतात, आत गुणगुणायला लाजतात. तेवढी लाज काढून टाक.

आता सगळ्यांत अवघड. गाण्याला औषधाच्या जागी बसवायची बुद्धी कुणालाही देऊ नकोस, विशेषतः वरच्या साहेबांना. गाणं फुकट आहे, म्हणून मला भीती वाटते. भाजलेल्यांच्या वॉर्डात ड्रेसिंग बदलताना जे ओरडणं असतं ते कुठल्याही रागाच्या आवाक्यातलं नाही. तिथे केटामीन लागतं, मॉर्फिन लागतं, आणि ते वेळेवर लागतं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर या देशातल्या दवाखान्यांतून मॉर्फिन जवळजवळ हद्दपार झालं; परवाने काढता काढता डॉक्टर थकले आणि कॅन्सरची माणसं तळमळत गेली. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला तरी आमच्यासारख्या ठिकाणी कपाटाच्या चाव्या अजून सहज फिरत नाहीत. त्या चाव्या फिरव. आधी मॉर्फिन, मग गाणं. ज्या दिवशी कुणी बैठकीत म्हणेल की औषध शिल्लक नाही, तोवर संगीत लावा, त्या दिवशी माझी जीभ अडखळू देऊ नकोस.

त्या वॉर्डात एक पोर होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. स्टोव्हचा भडका उडाला असं कागदावर लिहिलेलं. औषध देऊन झालं, ड्रेसिंगला अवकाश होता, म्हणून विचारलं काय लावू. ती म्हणाली, ‘‘काही नको. घरात सारखा टीव्ही चालू असायचा.’’ मी फोन खिशात टाकला. खिडकी उघडली. त्यानंतर मला कळलं, देवा, की काही नको हेही मागणंच असतं, आणि ते पुरवणं सगळ्यात स्वस्त असूनही दवाखान्यात फार दुर्मीळ आहे. शांतता मागणाऱ्यांना शांतता मिळू दे. ट्रॉल्यांच्या चाकांना तेल घालायला सांगून मी कंटाळले आहे, त्या कंत्राटदाराच्या स्वप्नात जा.

उद्याच्या यादीत चौघं आहेत. तिघांची मला चिंता नाही. शेवटची बाई चाळिशीची, पिशवी काढायची आहे. जन्मापासून ऐकू येत नाही तिला. काल तपासायला गेले तेव्हा सवयीनं तोंड उघडलं आणि पुढे काय विचारायचं ते कळेना. तिच्या खुणा शाळेत शिकलेल्या नाहीत, घरातल्या घरात तयार झालेल्या आहेत. त्या एकट्या तिच्या जावेला येतात. जाऊबाईंनी सांगितलं की भजनाला ही पुढे बसते आणि पखवाजाच्या पुडीवर तळवा ठेवते. पण पखवाज काही मला आत नेता येणार नाही. जावेला नेता येईल. टोपी, मास्क, गाऊन घालून तिला माझ्या स्टुलाशेजारी बसवीन, ती कपड्याच्या अलीकडेच राहील, हाताला हात लावून काय ओढतंय, काय होतंय ते सांगेल. नियमात बसत नाही. सर्जन जंतुसंसर्ग म्हणतील, सिस्टर इन्चार्ज रजिस्टर दाखवतील. सिस्टरचं मी बघते. सर्जनचं तुझ्याकडे. उद्याची शेवटची केस असल्यामुळे आणि तिला काहीच ऐकायचं नसल्यामुळे त्यांना त्यांचा किशोरकुमार मोकळेपणानं लावून देईन, हव्या त्या आवाजात, फक्त टिंबाच्या खाली. ही लाच आहे हे मला माहीत आहे. तू त्यांना एवढंच कर, मी विचारीन तेव्हा मान हलवायला लाव.